बाटली उभी की आडवी

गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं असं पंचवीस टक्के महिला मतदारांनी लिहून दिलं, की २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावात गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर उमेदवार दोनच. एक उभी बाटली, दुसरी आडवी बाटली. उभी निवडून आली तर दुकान चालू. आडवीला निम्म्याहून अधिक मतं पडली तर दुकानाला टाळं. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत बायकांनी ही आडवी बाटली निवडून आणली आहे.

आता वाईनचं शास्त्र ऐका. बुचाची वाईन आडवीच ठेवायची असते. आडवी ठेवली की आतली वाईन बुचाला लागून राहते, बूच ओलं आणि फुगलेलं राहतं, हवा आत शिरत नाही. उभी ठेवली तर बूच वाळतं, आक्रसतं, फटीतून हवा जाते आणि वाईन बिघडायला लागते. त्यामुळे जिथे जिथे जाणकाराचं दुकान आहे, तिथे भिंतभर बाटल्या निवांत पहुडलेल्या दिसतात. असं दुकान उद्या कुणी देवणीत थाटलं तर पहिल्याच दिवशी गल्लीत विचारणा होईल: मतदान झालं कधी, आणि आपल्याला कसं कळलं नाही?

देवणी म्हणजे लातूर जिल्ह्याचा कर्नाटकाला टेकलेला तालुका. एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला बीदर जिल्हा. गावाचं नाव देशभर नेलं ते इथल्या गाईबैलांनी. दूध आणि ओढकाम दोन्हींत उजवी असलेली देवणी ही जात पशुवैद्यकाच्या पुस्तकांत स्वतंत्र नोंदलेली आहे. अशा गावात खास वाईनचं छोटं, देखणं दुकान काढायचं आणि त्याचं इंटिरियर करायचं, ही कल्पना काहींना विनोद वाटेल. ती विनोदी आहेच. पण ज्यांना ती अगदीच अशक्य वाटते त्यांच्या माहितीसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

चौदाव्या शतकात मोरोक्कोहून हिंडत आलेल्या इब्न बतूताने दौलताबादची द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे मराठवाड्याला द्राक्षाची ओळख जुनी. पुढे काळ बदलला आणि इथल्या माणसाच्या वाट्याला द्राक्षाऐवजी शिंदी आली. देवणीचा हा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होता. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा पैसा भरपूर जायचा, म्हणून १९४७ च्या मुक्तिलढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रहाचा रीतसर कार्यक्रम होता. ज्या भागात पेयाचं झाड तोडून स्वातंत्र्य मागितलं गेलं, तिथे पेयाच्या दुकानाकडे लोक नुसतं दुकान म्हणून बघणार नाहीत, हे इंटिरियरवाल्याने आधीच लक्षात घ्यावं.

दुसरी गोष्ट मालाची. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावात फेसाळ वाईन काढून ती परदेशात विकून दाखवली. राजीव सामंतांनी १९९७ च्या सुमारास नाशिकजवळ वेली लावल्या आणि सुला उभी केली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ इटालियन भावांच्या भागीदारीत फ्रातेल्ली निघाली. म्हणजे माल आणायला फ्रान्सला जायचं कारण नाही. द्राक्ष मराठी, शेतकरी मराठी, त्याचं कर्जही मराठी. प्रश्न उरतो तो फक्त फळ्यांचा, दिव्यांचा आणि दाराचा.

वाईन शॉपचं इंटिरियर महाराष्ट्राला ठाऊक नाही असं मात्र कुणी म्हणू नये. पाटीवर वाईन आणि आत वाईन सोडून बाकी सगळं, असं जे दुकान तालुक्या-तालुक्यात आहे, त्याची अंतर्गत रचना राज्यभर एकसारखी आहे. कुठल्याही आर्किटेक्टने ती केलेली नाही, म्हणूनच बहुधा ती इतकी पक्की आहे. समोर लोखंडी जाळी. जाळीत एक चौकोनी खिडकी, तिच्यातून फक्त हात जाईल एवढी. आत गल्ला, गल्ल्यावर देवाचा फोटो, फोटोभोवती उघडझाप करणारी दिव्यांची माळ. ‘उधारी बंद’ ही पाटी, आणि ती वाचूनही विचारणाऱ्यांसाठी तिच्याखाली आणखी एक पाटी. वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या थेट उजेडात, वाईनच्या तीन-चार बाटल्या उभ्या. त्यांच्यावरची धूळ पुसायचा मान वर्षातून एकदा, दसऱ्याला.

या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही, फक्त त्याचा हात शिरतो. नोट आत जाते, नाहीतर मोबाइल पुढे होतो, ब्रँडचं नाव अर्धंच उच्चारलं जातं आणि काळ्या पिशवीत गुंडाळलेली वस्तू बाहेर येते. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, पण काळ्या पिशवीने बहुधा सरकारी राजपत्र वाचलेलं नाही. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात. शेजारच्या गाड्यावर फुटाणे, उकडलेली अंडी, खारे शेंगदाणे. या रचनेला कुणी गचाळ म्हणो, पण तिने आपलं गिऱ्हाईक अचूक ओळखलं आहे. त्याला घाई आहे आणि त्याला दिसायचं नाही.

खास वाईनच्या दुकानाला नेमकं उलट हवं असतं. गिऱ्हाईक आत यावं, वीस मिनिटं रेंगाळावं, लेबलं वाचावीत, दोन प्रश्न विचारावेत, एका बाटलीसाठी आलेल्याने तीन घेऊन जाव्यात. जगातल्या अशा दुकानांचं सगळं इंटिरियर या रेंगाळण्यासाठी आहे. देवणीत अडचण इथूनच सुरू होते. आत रेंगाळायचं तर आत दिसावं लागतं. काचेचं दार लावलं तर आतला माणूस बाहेरच्याला दिसतो, आणि आतला माणूस एकदा दिसला की उद्यापासून तो दिसतच नाही. तालुक्याच्या गावी प्रत्येक माणूस कुणाचा तरी भाचा, जावई, नाहीतर वर्गशिक्षक असतो. शिक्षकाने शिराझच्या बाटलीचं लेबल उजेडात धरून वाचावं आणि रस्त्यावरून सातवी ‘ब’ चा वर्ग सायकलवरून जावा, ही शक्यता मुंबईच्या डिझायनरच्या आराखड्यात नसते.

तरी सुरुवात आराखड्याने नाही, कायद्याने करावी लागते. महाराष्ट्रात दारू विकायचा परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळतो, यावरून पुढच्या प्रवासाची कल्पना यावी. याच कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडेही परवाना हवा: एक दिवसाचा विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना, आजीवन हवा असेल तर हजार रुपयांना. वाईन आणि सौम्य बीअरसाठी वय एकवीस, बाकी कडक प्रकारांसाठी पंचवीस. विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीचे नवे परवाने राज्याने सत्तरच्या दशकात थांबवले. बीअर आणि वाईन विकायचा परवाना मात्र मिळत राहिला, म्हणून गावोगाव बीअर शॉपींचं पेव फुटलं. तेव्हा देवणीच्या होतकरू दुकानदाराला याच दाराने आत जावं लागेल. दुकानात एक टेबल आणि दोन खुर्च्या परवान्याचा फॉर्म भरायला ठेवल्या तर जागा वाया जाणार नाही. गिऱ्हाईक रेंगाळेल तर तिथेच.

मधल्या काळात सरकारलाच इंटिरियरची हौस आली होती. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने ठरवलं, की किमान शंभर चौरस मीटरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकता येईल, पण ती ठेवायची सव्वादोन घनमीटरच्या, कुलूप लावता येईल अशा कपाटात. साधारण अडीच गोदरेज कपाटं. राज्याच्या इतिहासात मंत्रिमंडळाने फर्निचरची मापं ठरवल्याचे प्रसंग फार नसतील. मग वाईन ही दारू आहे की नाही यावर महिनाभर महाचर्चा झाली, अण्णा हजाऱ्यांनी राळेगणसिद्धीत उपोषणाचा इशारा दिला, निर्णय हरकती-सूचनांसाठी लोकांपुढे ठेवला गेला. कपाट काही दुकानात पोचलं नाही.

कपाटाचं असं, तर रस्त्याचं आणखी वेगळं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको असं सांगितलं. वीस हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावांसाठी हे अंतर पुढे दोनशे वीस मीटर झालं, नंतर आणखी सवलती आल्या. त्या दिवसांत केरळात कोचीजवळच्या उत्तर परवूरमध्ये एका बारने जे केलं त्याला इंटिरियरच्या इतिहासात तोड नाही. बारची जागा तीच ठेवली, फक्त दारापर्यंत भिंतीभिंतींचा वळसे घेत जाणारा चक्रव्यूह बांधला. रस्त्यावरून बार दिसायचा, पण चालत पोचायला अडीच-तीनशे मीटर जास्त. जाताना व्यूह भेदता येतो, प्रश्न बाहेर पडण्याचा. हे महाभारत ऐकलेल्या प्रत्येकाला तेव्हाच कळलं असेल.

पाटीचंही सरळ नाही. दुकानाच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात, आणि मद्य विकणाऱ्या दुकानाला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही, असं २०२२ मध्येच ठरलं. म्हणजे उदगीरचा किल्ला बाद. महापुरुष बाद. उरलं काय? उरला बैल. देवणी जातीत तीन प्रकार मानतात: वानेरा, बालंक्या आणि शेवेरा. वानेराचं अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, बालंक्या जवळजवळ पांढराशुभ्र, आणि शेवेराच्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके. बैल महापुरुषांच्या यादीत येत नाही, निदान अजून तरी. तेव्हा ‘वानेरा वाईन्स’ अशी पाटी कायद्यात बसावी. अनुप्रासही साधतो, आणि रंगसंगतीसाठी वेगळा डिझायनर लागत नाही. पांढऱ्या भिंतीवर शेवेराचे काळे ठिपके काढले की काम झालं.

आता खरा शत्रू. ऊन.

वाईन साठवायला तापमान लागतं बारा-तेरा अंश, तेही वर्षभर सारखं. हवेत ओलावा साठ-सत्तर टक्के. उजेड कमी, हादरे नाहीत. या चारही गोष्टी लातूर जिल्ह्यात मे महिन्यात एकाच ठिकाणी शोधायच्या तर फक्त शीतगृह सापडेल. पारा चाळिशीला टेकला, की बंद दुकानातल्या बाटलीतली वाईन फुगते, बूच वर सरकतं, वाईन कडेने पाझरते आणि तिची चव शिजल्यासारखी होते. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांमधला आहे. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची. देवणीत मे महिन्यात खोलीच्या तापमानाची वाईन म्हणजे आजीने सर्दीसाठी दिलेला काढा.

इथे कुणी तरी हमखास म्हणतं, की आपल्या जुन्या वाड्यांसारखं बांधा ना. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचं माळवद, आत उन्हाळ्यातही गारवा. खरं आहे. पण तीच माळवदं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लातूर जिल्ह्यात गारव्यासाठी माळवद घाला असं कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. गावांत पत्रे आले, स्लॅब आले, आणि त्यांच्यासोबत उकाडा आला. वाईनच्या दुकानाला यातून एवढंच घ्यायचं, की बाटल्यांचा रॅक कितीही सुंदर असला तरी भिंतीला बोल्टने आवळलेला हवा.

मग पेव? मराठवाड्यात ज्वारी साठवायला जमिनीत पेव खणायची रीत होती. वर तोंड लहान, खाली पोट मोठं, आतून लिंपलेलं, ज्वारी भरून वरून बंद केलेलं. कितीतरी दिवस बंद असलेल्या पेवात माणूस एकदम उतरत नाही, आधी तोंड उघडून हवा खेळू देतात, कारण आत कोंडलेला वायू जीव घेतो. युरोपात वाईन आंबते त्या तळघरांतही हाच धोका, कारण आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि खाली साचतो. पेव आणि तळघर एकाच कुळातले, म्हणून वाईन पेवात ठेवावी, हा विचार मोहक आहे. त्यावर पाणी टाकते ती भूगोलाची एक बाब. जमिनीत काही मीटर खाली तापमान स्थिर असतं, पण ते त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं. फ्रान्सच्या शँपेन भागात ही सरासरी दहा-बारा अंश, लातुरात पंचविशीच्या वर. फ्रेंचांचं तळघर फुकटात थंड होतं. आपलं फुकटात कोमट होतं.

उरला एसी, आणि एसीच्या मागे उभी असलेली वीज. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टरला एसी झेपत नाही म्हणून जनरेटर, जनरेटरचा हादरा वाईनला सोसत नाही म्हणून तो गल्लीत, आणि गल्लीत शेजारी. कूलर स्वस्त पडतो आणि हवेत ओलावाही देतो, बुचाला तो आवडेल. पण कूलरला पाणी लागतं. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे बुचाची त्वचा कोरडी पडू नये म्हणून रोज दोन बादल्या कूलरमध्ये ओतायच्या, हे गावाला सांगणार कोण? त्यापेक्षा दुकानाच्या मागच्या अंगाला एक छोटी खोली करावी, थर्माकोलचा थर घालून, एका लहान एसीवर चालणारी. चांगला माल तिथे. पुढे फक्त नमुन्याच्या आणि रोजच्या खपाच्या बाटल्या. दूध संकलन केंद्राचा गारवा ज्याने बसवला आहे असा माणूस तालुक्यात सापडतोच. त्याला वाईनचं ठाऊक नसलं तरी चालेल, त्याला अंश ठाऊक आहेत.

मग सुतार. आडव्या बाटलीचा रॅक हे प्रकरण त्याला समजावताना होणारा संवाद ठरलेला.

“मालक, बाटल्या निजवून ठेवायच्या?”

“हो.”

“मग गिऱ्हाईक आलं की उठवायच्या काय?”

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. बाटली आडवी झाली की लेबल दिसत नाही, बुडाची काच किंवा झाकण तेवढं दिसतं. तेव्हा प्रत्येक खणात आडव्यांच्या पुढे त्याच मालाची एक उभी ठेवावी लागते. मापाचीही गंमत आहे. बाटल्या सगळ्या पाऊण लिटरच्या, पण अंगाने वेगळ्या. बोर्दोच्या पद्धतीची सरळ खांद्याची बाटली तीन इंचांत बसते. उतरत्या खांद्याची बर्गंडी तिच्यापेक्षा जाड, आणि फेसाळ वाईनची काच दाब सहन करायची म्हणून आणखी जाड. तीन इंचांचे खण करून ठेवले तर उद्घाटनाच्या आदल्या रात्री निम्मा माल जमिनीवर असतो. खण चार इंचांचे, खोली फूटभर. वजन धरायचं बाटलीमागे सव्वा किलो. पाचशे बाटल्यांचे सव्वासहाशे किलो होतात, म्हणजे सिमेंटची साडेबारा पोती भिंतीला टांगलेली. प्लाय आणि सनमायकाचं हे काम नव्हे. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरांत डबे-भांडी ठेवायला कडप्प्याच्या नाहीतर शहाबादी फरशीच्या मांडण्या असतात. त्याच मांडण्या इथे घालाव्यात. दगड गार, वाळवी लागत नाही, वाकत नाही, आणि शहाबाद इथून परदेश नाही. इटालियन संगमरवरावर पैसे घालणाऱ्याला वाईन कळली असेल, देवणी कळलेली नाही.

जाता जाता एक बातमी. बुचं बनवणाऱ्या पोर्तुगालच्या अमोरिम कंपनीच्या संशोधन विभागाने २०१८ मध्ये जाहीर केलं, की बाटली आडवी ठेवायची खरं तर गरजच नाही. बंद बाटलीत बुचाखालची हवा आधीच पुरेशी दमट असते. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याचशा वाईनला आता बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं. ती उभी राहिली काय आणि निजली काय, सारखंच. म्हणजे दसऱ्याला पुसल्या जाणाऱ्या त्या वरच्या फळीवरच्या बाटल्या उभ्या आहेत म्हणून गुन्हा नव्हता. गुन्हा ट्यूबलाइटचा आणि उकाड्याचा होता. उजेड वाईनची चव नासवतो, विशेषतः पांढऱ्या काचेतल्या वाईनची. फ्रान्सची क्रिस्ताल नावाची महागडी शँपेन पारदर्शक बाटलीत येते, म्हणून तिला केशरी कागदात गुंडाळून विकतात. तेव्हा देवणीच्या दुकानात झगमगाट नको. मंद, पिवळसर एलईडी, तेही बाटलीवर न पडता भिंतीवर पडणारे. यात दुसरा फायदा दडलेला आहे: बाहेरून आतलं तोंड नीट ओळखू येत नाही.

माल लावायचा कसा, याचं उत्तर १९९६ मध्ये न्यूयॉर्कला मिळालं. तिथे बेस्ट सेलर्स नावाचं छोटं दुकान निघालं, डिझाइन डेव्हिड रॉकवेल यांचं. सुमारे शंभर वाईन, सगळ्या दहा डॉलरच्या आतबाहेर. देशाप्रमाणे, द्राक्षाप्रमाणे मांडायची रीत सोडून त्यांनी चवीचे आठ गट केले: फेसाळ, ताजी, मऊ, रसाळ, दणकट वगैरे. ज्याला फ्रेंच लेबल वाचता येत नाही तोही आपल्या जिभेप्रमाणे भिंत निवडू शकत होता. पुढच्या काळात ही कल्पना ठिकठिकाणी उचलली गेली. देवणीला तर ती शिवून घेतल्यासारखी बसेल. फळ्यांवर ‘तुरट’, ‘आंबूस’, ‘गोडसर’, ‘फसफसणारी’ अशा चिठ्ठ्या लावल्या की कुणाला कॅबर्ने सोव्हिन्यॉं म्हणताना जीभ दुमडायला नको. रेड वाईनच्या ज्या तुरटपणाचं जाणकार लोक तासभर वर्णन करतात तो जांभळाच्या बीपासून डाळिंबाच्या सालीपर्यंत इथल्या प्रत्येक पोराने चाखलेला आहे.

पुढची पायरी जेवणाची. एक फळी हुरड्याची, जानेवारीपुरती: हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि दह्यासोबत थंड, आंबूस पांढरी वाईन. एक फळी येसराच्या आमटीची आणि काळ्या मटणाची. इथे सावध. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतो, त्यामुळे चौदा टक्क्यांची दणकट रेड झणझणीत रश्श्यावर घेतली तर गिऱ्हाईक वाईनला नावं ठेवतं आणि दुकान बदलतं. रश्श्याला गोडसर, हलकी, चांगली गार केलेली वाईन द्यावी. हे सांगायला सोमेलिए नको, काउंटरवर घरात स्वयंपाक करणारा माणूस हवा. तसा पुरुष सापडणं हे वाईन खपवण्यापेक्षा अवघड आहे, तो भाग वेगळा.

चाखायला देणं मात्र जमत नाही. जगातल्या खास दुकानांत मध्यभागी चाखण्याचा कट्टा असतो, सगळं इंटिरियर त्याच्याभोवती फिरतं. आपल्याकडे सीलबंद विक्रीच्या परवान्यावर दुकानात पेला भरता येत नाही. चाखायची असेल तर नाशिकला सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम काढली तशी वायनरीत जाऊन चाखावी. ज्या माणसाने हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे दात मोजल्याशिवाय, त्याला चालवून बघितल्याशिवाय, उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवल्याशिवाय कधी खरेदी केली नाही, त्याने सातशे रुपयांची बाटली नुसत्या लेबलवर घ्यायची, हा अपमान त्याने का सोसावा? दुकानदाराने निदान प्रत्येक बाटलीखाली मराठीत चार ओळी लिहाव्यात: कुठल्या गावची, किती गोड, कशासोबत, उघडल्यावर किती दिवस टिकते.

संगीताबद्दल संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, वाईनच्या दुकानात शास्त्रीय संगीत लावलं तेव्हा लोकांनी बाटल्या जास्त घेतल्या नाहीत, पण महागाच्या घेतल्या. १९९७ मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडच्या एका सुपरमार्केटमध्ये एक दिवस फ्रेंच, एक दिवस जर्मन संगीत लावलं. फ्रेंच सुरांच्या दिवशी फ्रेंच वाईन खपली, जर्मन सुरांच्या दिवशी जर्मन वाईनने डोकं वर काढलं, आणि बहुतेक गिऱ्हाइकांनी संगीताचा आपल्यावर काही परिणाम झाला हे साफ नाकारलं. देवणीत हा प्रयोग करायचा तर आधी शेजारच्या मोबाइल दुकानाचा स्पीकर, वरातीचा डीजे, आणि भंगारवाल्याची रेकॉर्ड या तिघांची परवानगी लागेल. त्यातून जे उरेल त्याला शांतता म्हणतात, आणि वाईनला तीच मानवते.

वास्तुशास्त्रवाला येईल तो शेवटी, पण येईल. पाणी ईशान्येला आणि अग्नी आग्नेयेला, हे त्याचं पक्कं असतं. वाईन पाण्यात मोडते की अग्नीत, या प्रश्नावर तो चहा मागवतो. त्याला उत्तर सुचेपर्यंत रॅक उत्तरेच्या भिंतीला लावून टाकावा. उत्तरेच्या भिंतीवर ऊन सगळ्यात कमी पडतं, आणि वास्तूतही उत्तर दिशा कुबेराची धरतात. दोघांचं एकमत होण्याचे प्रसंग कमी, हा वापरून घ्यावा. पश्चिमेच्या भिंतीला मात्र वाईन कुणाच्याही सांगण्यावरून लावू नये.

राहिला दाराचा तिढा. काच पूर्ण नको, जाळी तर मुळीच नको. खाली चार फुटांपर्यंत दुधी काच, वर साधी. बाहेरून आतल्याचं डोकं दिसेल, हात दिसणार नाहीत. दारातच खजूर, मनुका, सुकामेवा आणि द्राक्षाचा रस विकायला ठेवावा, म्हणजे आत शिरणाऱ्याला बाहेर काही तरी सांगता येतं. सांगलीचा बेदाणा घ्यायला गेलो होतो, ही थाप देवणीत शोभून दिसेल, आणि बेदाणा घरी नेल्यावर ती थापही उरत नाही.

हे सगळं वाचून कुणाला खरंच दुकान काढावंसं वाटलं असेल, तर त्याने सुताराला, फॅब्रिकेटरला किंवा बँकेला फोन करू नये. आधी एक साधा थर्मामीटर घ्यावा, ठरवलेल्या गाळ्यात उत्तरेच्या भिंतीला टांगावा आणि एप्रिल-मे असे दोन महिने दुपारी तीन वाजता आकडे वहीत लिहावेत. वहीत पस्तिशीच्या वरचे आकडे भरले, तर आधी त्या छोट्या गार खोलीचा खर्च काढावा, मग बाकीचं. तो झेपत नसेल तर त्याच गाळ्यात पशुखाद्याचं दुकान उत्तम चालेल. देवणीत त्याला गिऱ्हाईक आहे आणि परवाना लागला तरी मतदान लागत नाही.